पानगळीत उघडणारी बरणी

जपानी चहाचा हंगाम कोणता, असं विचारलं तर बहुतेक जण मे महिना सांगतील. कोवळी पानं तेव्हाच खुडतात, 'शिन्चा' म्हणजे नवा चहा आल्याच्या पाट्या दुकानांवर तेव्हाच लागतात. सेन्चापुरतं, म्हणजे पानांच्या रोजच्या हिरव्या चहापुरतं, हे उत्तर बरोबर आहे. माच्चाचं, म्हणजे त्या हिरव्या पुडीच्या चहाचं, वर्ष मात्र जुन्या रिवाजाप्रमाणे नोव्हेंबरात सुरू होतं. मेमध्ये खुडलेलं पान मातीच्या बरणीत बंद होऊन अख्खा उन्हाळा काढतं आणि मेपल लाल व्हायला लागले की बरणीचं तोंड कापतात. बाहेर झाडांचं सगळं संपत आलेलं असतं आणि आत चहाचा पाडवा. शरदातल्या जपानी मिठाईची सगळी गंमत या उलट्या चालीत आहे, आणि ती पायी हिंडून बघायची तर क्योतोच्या दक्षिणेला असलेल्या उजी गावाला जावं. दिवस नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यातले धरावेत. क्योतो स्टेशनवरून जेआर नारा लाइनची जलद गाडी वीस मिनिटांच्या आत पोचवते. केइहान या दुसऱ्या रेल्वेच्या गाडीने आलात तर स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं की समोर उजीचा पूल.

पुलावर मध्येच एका जागी कठडा नदीवर थोडा पुढे आलेला दिसेल. लोक तिथे फोटो काढतात आणि पुढे जातात. ही जागा 'सान्नोमा'. सोळाव्या शतकातला जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने आपल्या चहाचं पाणी इथून काढवलं, अशी परंपरा सांगते. दर वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला उजीच्या चहा-उत्सवात इथूनच पोहऱ्याने पाणी ओढतात, ते वरच्या अंगाला असलेल्या कोशो-जी मठात नेतात, तिथे बरणी उघडतात आणि तिघांच्या नावाने चहा वाहतात: 1191 मध्ये चीनहून परतताना चहाचं बी आणणारा भिक्षू एइसाइ, ते बी रुजवणारा म्योए, आणि चहाविधीला आजचं रूप देणारा सेन नो रिक्यू (1522–1591).

पाण्याचं एवढं कौतुक उगाच नाही. जपानी हिरवा चहा मऊ पाण्यावर घडलेला आहे. जड पाण्यात त्याचा रंग मळतो, वर पातळ साय धरते आणि चव सपाट होते. आपल्याकडे परीक्षा सोपी: ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात सेन्चाही उतरणार नाही. क्योतोहून महागडी पुडी आणून इथे 'काही खास नाही बुवा' म्हणणाऱ्यांनी आधी पाणी बदलून पाहावं.

पुलाच्या पूर्व टोकाला त्सूएन हे चहाचं दुकान आहे. त्याची सुरुवात 1160 ची आणि आजची वास्तू 1672 ची. इथल्या काय किंवा पलीकडच्या काठावरच्या काय, कुठल्याही चांगल्या दुकानात सेन्चा घेताना दुकानदाराचे हात बघावेत. किटलीतलं उकळतं पाणी तो थेट पानांवर कधीच घालत नाही. आधी रिकाम्या पेल्यांत ओततो, त्यातून दुसऱ्या भांड्यात, मग चहादाणीत. एका भांड्यातून दुसऱ्यात गेलं की पाणी साधारण पाच ते दहा अंशांनी उतरतं. थर्मामीटरचं काम भांडीच करतात. सेन्चाला 70 ते 80 अंश पुरतात. दोघांसाठी साधारण पाच ग्रॅम पानं, दीडशे ते पावणेदोनशे मिली पाणी, एक मिनिट. चहादाणी हलवायची नाही, ढवळायची तर मुळीच नाही. ओतताना दोन्ही पेल्यांत थोडं थोडं, आलटून पालटून, म्हणजे एकाला फिका आणि दुसऱ्याला कडक असं होत नाही. शेवटचा थेंबसुद्धा झटकून काढायचा. तो सगळ्यात दाट असतो. शिवाय पाणी आत राहिलं तर पानं भिजत पडतात आणि दुसऱ्या खेपेचा चहा कडू निघतो. ओतून झाल्यावर झाकण जरा सरकवून ठेवायचं, नाहीतर पानं आपल्याच वाफेत शिजतात. दुसऱ्या वेळी पाणी जास्त गरम आणि वेळ अगदी थोडा, पंधरा-वीस सेकंद.

उकळतं पाणी घातलं तर काय बिघडतं? पानातला गोडसर, तोंडात रेंगाळणारा स्वाद अमिनो आम्लांचा, तो कोमट पाण्यातही उतरतो. कडवटपणा आणि तुरटपणा कॅटेचिन आणि कॅफिनचा, त्यांना उष्णता लागते. आपल्याला चहा म्हणजे खळखळून उकळलेला, हे लहानपणापासून पाठ. त्यामुळे पहिल्या दहा वेळांपैकी नऊ वेळा चूक इथेच होते.

पश्चिम काठाने ब्योदो-इन या बौद्ध मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्याला लागलात की डोळ्यांआधी नाक कामाला लागतं. दुकानांच्या दारात चहा भाजायची यंत्रं फिरत असतात, आणि थंड हवेत होजिचाचा, म्हणजे भाजलेल्या हिरव्या चहाचा, तो खरपूस वास, शेंगदाणे भाजताना येतो त्याच्या आसपासचा, सबंध रस्ताभर असतो. थंडीत हिंडायला निघालेल्या माणसाचा चहा हाच. कॅफिन कमी आणि पोटाला हलका. त्याला उकळतं पाणीच हवं, आणि तीस सेकंदांहून जास्त वेळ नको. थर्मासमध्ये भरून न्यायला याच्यासारखा दुसरा नाही, मात्र पानं गाळून मगच भरावा. सेन्चा थर्मासात घालून बघायचा असेल तर खुशाल बघा, दोन तासांनी तपकिरी, आंबट-कडू काढा मिळेल.

होजिचा घरीही होतो. डब्याच्या तळाशी राहिलेला, वास उडालेला सेन्चा जाडबुडाच्या कोरड्या कढल्यात मध्यम आचेवर सतत हलवत दोन-तीन मिनिटं भाजायचा. एका वेळी दहा ग्रॅमच्या वर नको. रंग बदलायला लागला की पुढचं फार झपाट्यानं होतं. धूर दिसायच्या आत ताटात ओता, कारण गरम कढल्यात पानं आच बंद केल्यावरही करपत राहतात. आणि फोडणीचं कढलं वापरू नका. हिंग-मोहरीचा वास चहा असा काही उचलतो की पुन्हा सोडत नाही.

याच रस्त्यावर काडीला टोचलेले चा-दांगो मिळतात, तांदळाच्या पिठात माच्चा मळून केलेले छोटे उकडलेले गोळे. घ्या, पण दुकानापाशीच उभे राहून खा आणि काडी तिथेच परत द्या. चालता चालता खाणं जपानमध्ये फारसं बरं दिसत नाही. कामाकुरासारख्या गर्दीच्या गावाने तर 2019 मध्ये तसा नियमच केला, दंड नसलेला, सांगण्यापुरता. त्यात रस्त्यावर कचराकुंड्या जवळपास नाहीतच, म्हणजे ती चिकट काडी संध्याकाळपर्यंत खिशात वागवावी लागते.

आता बसायची वेळ. ब्योदो-इनमधला 1053 सालचा फिनिक्स मंडप, दहा येनच्या नाण्यावरचा, बघून झाला की मागच्या अंगाला नदीकाठी नगरपालिकेचं ताइहो-आन हे चहाघर आहे. थोडे पैसे देऊन तातामीवर, म्हणजे जाड चटईवर, बसायचं, समोर त्या दिवसांची मिठाई येते, मग माच्चाचा वाडगा.

ही मिठाई म्हणजे 'नामागाशी', ओली मिठाई. वजन जेमतेम चाळीस-पन्नास ग्रॅम. बहुतेक वेळा नेरिकिरी असते: पांढऱ्या घेवड्याचं गोड पुरण आणि थोडी ग्यूही, म्हणजे साखर घालून शिजवलेलं चिकट तांदळाचं पीठ, हे एकत्र मळलेलं. क्योतोकडे त्याऐवजी कोनाशीही पुष्कळ करतात. त्यात पुरणात गव्हाचं पीठ घालून आधी वाफवतात आणि मग मळतात. तिला चावा जरा घट्ट आणि कापलेली कड स्वच्छ राहते. आत अझुकी या बारीक लाल कडधान्याच्या पुरणाचा छोटा गोळा, बाहेर मेपलचं पान, शेवंती किंवा देठासकट पर्सिमनचं फळ. हे सगळे आकार सुंदर आहेत, पण शरद खरा बघायचा तर किन्तोनमध्ये बघावा.

किन्तोनचा नेम असा. मध्ये पुरणाची गोळी. रंगीत पुरण जाड चाळणीतून दाबलं की खाली लहान लहान शेवया पडतात. टोकदार बारीक चॉपस्टिक्सनी या शेवया थोड्या थोड्या उचलून गोळीवर रोवायच्या, आधी बुडाशी चहूबाजूंनी आणि शेवटी माथ्यावर. दाबायचं अजिबात नाही. दाबलं की शेवया चिकटतात आणि डोंगराचा लाडू होतो. आकार वर्षभर हाच, बदलतो तो रंग आणि नाव. ऑक्टोबरात हिरव्यात पिवळा डोकावतो. मग पिवळा, नारिंगी आणि लाल एकत्र येतात, आणि नाव पडतं 'तात्सुता', जुन्या कवितेतल्या लाल पानांनी भरून वाहणाऱ्या नदीचं. बाहेर मेपल पूर्ण लाल झाले की दुकानातला किन्तोन एव्हाना पुढे सरकलेला असतो, गळून पडलेल्या पानांच्या रंगाकडे. मिठाई नेहमी झाडाच्या एक पाऊल पुढे. झाड बघून आल्यावर तेच चित्र ताटलीत वाढलं तर त्यात काय उरलं?

म्हणून नाव विचारावं. चहाघरात मिठाईचं 'मेइ', म्हणजे तिचं नाव, विचारणं हा आगाऊपणा नाही, तशी अपेक्षाच असते. फोटो काढून नाव न विचारता गिळलेली नामागाशी म्हणजे नुसतं गोड पुरण.

खायची रीत आपल्या सवयीच्या उलट आहे. आपण बिस्कीट आणि चहा आलटून पालटून घेतो, बुडवतोसुद्धा. इथे मिठाई आधी, पूर्ण संपवायची, आणि मग चहा. गोडी जिभेवर असताना माच्चाचा पहिला घोट येतो तेव्हा त्याचा कडूपणा टोचत नाही, त्याच्या मागचा दाट, शहाळ्याच्या मलईसारखा स्वाद पुढे येतो. आलटून पालटून घेतलंत तर दोन्ही एकमेकांना धुऊन टाकतात. मिठाई काइशी या घडीच्या कागदावर घ्यायची, कुरोमोजी लाकडाच्या काडीने वरून खाली कापायची, तीन-चार घासांत संपवायची. वाडगा डाव्या तळव्यावर घेऊन उजव्या हाताने दोनदा घड्याळाच्या दिशेने फिरवायचा, कारण त्याची शोभेची बाजू आपल्याकडे करून दिलेली असते आणि तिथे ओठ लावायचे नसतात. शेवटचा घोट आवाज करून ओढला तर कोणी रागावत नाही, उलट संपल्याची ती खूण असते. जड झालेली मिठाई काइशीत गुंडाळून सोबत न्यावी, ताटलीत उष्टी ठेवू नये.

शाकाहारी मंडळींसाठी एक गोष्ट इथेच सांगून ठेवतो. पारंपरिक वागाशीत, म्हणजे जपानी मिठाईत, मुख्यतः घेवडा, अझुकी, तांदूळ, गहू, साखर आणि आगर-आगर असतं. दुधाचा पत्ता नाही. पण दोरायाकी (पुरण भरलेले पॅनकेक), कास्तेला (स्पंज केक) आणि काही मांजूंमध्ये (पुरण भरलेले वाफवलेले गोळे) अंडं असतं, आणि नव्या तऱ्हेच्या पुडिंगांत जिलेटिन. 'तामागो हाइत्तेमासु का?' म्हणजे अंडं आहे का, हे वाक्य पाठ करून जावं.

आसागिरी पुलाने नदी ओलांडून पूर्व काठाला आलं की थोडं वर उजीगामी देऊळ आहे, आणि काठाकाठाने पुढे गेलं की कोशो-जीची चढण, कोतोझाका. दोनेकशे मीटरची वाट, दोन्ही बाजूंनी मेपल वाकलेले आणि कडेने झऱ्याचं पाणी. त्या पाण्याचा आवाज कोतो वाद्यासारखा, म्हणून हे नाव. इथे चढताना त्या बरणीची गोष्ट पुरी करू.

माच्चासाठी चहाच्या झुडपांना खुडणीआधी तीनेक आठवडे, कधी त्याहूनही जास्त, सावली करतात. ऊन अडलं की गोड अमिनो आम्लांचं तुरट कॅटेचिनात रूपांतर मंदावतं. खुडलेली पानं वाफवून, न वळता वाळवतात आणि शिरा-देठ काढून टाकतात. ही झाली तेन्चा. ती बरणीत भरून तोंड कागदांनी चिकटवून बंद. ताज्या पानाचा कच्चा, गवताळ वास उन्हाळाभरात मावळतो आणि चव गोलाकार होते. नोव्हेंबरात तोंड कापलं की त्या समारंभाला म्हणतात कुचिकिरी. मग जातं. दगडी जातं तासाला कसंबसं चाळीस ग्रॅम दळतं, म्हणजे एका वाडग्याच्या दोन ग्रॅमना तीन मिनिटं. जोरात फिरवलं तर दगड तापतो आणि सुगंध तिथेच उडून जातो. आता शीतगृहं आल्यापासून तेन्चा बाराही महिने दळतात, तरी नोव्हेंबरचा मान सुटलेला नाही.

त्याच सुमारास चहाघरातली शेगडीही बदलते. मे ते ऑक्टोबर वर ठेवलेली सुटी शेगडी, नोव्हेंबरपासून जमिनीत चौकोन कापून बसवलेली 'रो'. निखारा पाहुण्याच्या जवळ येतो. युझूचं फळ पिवळं पडायला लागलं की रो उघडावी, असं रिक्यूच्या नावावर सांगतात. जुन्या पंचांगात दिवसांना बारा प्राण्यांची नावं असतात, त्याच्या दहाव्या महिन्यातला वराहाचा दिवस यासाठी धरतात. पंचतत्त्वांच्या हिशेबात वराह पाण्याचा, म्हणून आगीचं भय नाही. त्या दिवशीची मिठाई इनोको-मोची, रानडुकराच्या पिल्लासारखी लांबट, भुरकट, तीळ किंवा भाजलेल्या सोयाबीनच्या पिठाची. काही दुकानं आत चेस्टनट आणि पर्सिमनही घालतात.

रो उघडतानाची दुसरी मिठाई झेन्झाइ, गरम गोड अझुकीत मोची, म्हणजे चिकट तांदळाचा गोळा. अझुकीचं पीक तेव्हा नुकतंच आलेलं असतं, साल कोवळं, म्हणून दाणे अख्खे ठेवायचे दिवस हेच. इथे आपल्या स्वयंपाकघराशी एक मजेदार फरक आहे. आपण पुरणाच्या डाळीचं पाणी निथळून कटाची आमटी करतो. जपानी हलवाई अझुकीच्या पहिल्या उकळीचं पाणी सरळ मोरीत ओततो, कारण त्यात सालीचा तुरटपणा उतरलेला असतो. पुढचा नियम मात्र दोन्हीकडे एकच. दाणा बोटांत चिरडला जाईपर्यंत साखर घालायची नाही, घातलीत तर तो पुढे मऊ होत नाही. साखर कोरड्या दाण्याच्या वजनाच्या आसपास, दोन-तीन हप्त्यांत, आणि शेवटी चिमूटभर मीठ.

नदीकाठी बसून स्वतः माच्चा करायचा असेल तर सामान थोडकं: वाडगा, चासेन (बांबूची रवीच म्हणा, ऐंशी ते शंभर दात्यांची), घरून चाळून आणलेली पूड एका लहान डबीत, आणि थर्मासात उकळतं पाणी. न चाळलेल्या पुडीच्या गुठळ्या कितीही घुसळलं तरी मोडत नाहीत. आधी वाडग्यात गरम पाणी घालून त्यात चासेन भिजवा, दाते लवचीक होतात आणि वाडगा तापतो. थंडीत ही पायरी गाळली तर चहा पहिल्या घोटालाच कोमट. ते पाणी ओतून वाडगा कोरडा पुसा. वाऱ्याकडे पाठ करून मगच डबी उघडा, नाहीतर चहा कोटावर. दोन ग्रॅम पूड, साठ-सत्तर मिली 80 अंशांचं पाणी, मनगटाने पंधरा-वीस सेकंद पुढे-मागे, तळ न खरवडता. गोल गोल फिरवून फेस येत नाही. चासेन तिथेच पाण्यात खळबळून घ्या आणि घरी उघड्यावर वाळवा. नळीत बंद करून ठेवलीत तर बुरशी ठरलेली.

आपल्याकडे परत आल्यावर चेस्टनट शोधत बसायची गरज नाही. रताळं हेही जपानी शरदाचंच पीक आहे. अर्धा किलो रताळी वाफवा. उकडू नका, आपली लाल सालीची रताळी आधीच पाणचट असतात. सोलून गरम असतानाच चाळणीतून दाबा, धागे वर राहतात. पन्नास-साठ ग्रॅम साखर आणि मीठ घालून मंद आचेवर कढई सोडेपर्यंत परता. पूर्ण गार होऊ द्या. मग तीस ग्रॅमचा गोळा ओल्या, घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात घेऊन तोंडाशी पीळ द्या, वर चुण्या उमटतात. फडकं जास्त ओलं असेल तर चुण्या पुसल्या जातात, कोरडं असेल तर गोळा फाटतो. त्याच दिवशी संपवा. फ्रिजमध्ये ठेवलंत तर पिष्ट आवळून गोळा खडबडीत होतो.

आणि सोबत होजिचा करा, माच्चा नको. रताळ्याला भाजक्या पानांचाच चहा लागतो.